खुंबी, कमआ आणि कुत्र्याची छत्री

मृगाचे दोन पाऊस झाले की आमच्या विष्णुपुरीत दोन गोष्टी हमखास उगवतात. अंगणात पांढऱ्या छत्र्या आणि मोबाईलवर त्यांचे गुणगान.

यंदा आमच्या वस्तीच्या ग्रुपवर आलेला उर्दू मेसेज चांगला लांबलचक होता. खुंबी ही ‘मन्न’ आहे, हदीसमध्ये तिचा उल्लेख आहे, तिचे पाणी डोळ्यात घातले की नजर साफ होते, तिच्यात मटणाइतकी ताकद आहे, आणि डॉक्टर लोक हे कधीच सांगणार नाहीत, असे सगळे त्यात होते. ओळखायची कशी, तेही सांगितले होते. शिजवताना चांदीचा चमचा टाका, काळा पडला नाही तर बिनधास्त खा. शेवटी, पुढे पाठवल्यास सवाब मिळेल. त्याखाली कुणीतरी आपल्या बागेतल्या छत्र्यांचा फोटो टाकला. कुणी ‘माशाअल्लाह’ लिहिले, कुणी सालन कसे करायचे ते विचारले. ‘ही नक्की कोणती आहे?’ एवढे मात्र कुणीच विचारले नाही.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. वनस्पतिशास्त्र माझा विषय नाही. पण या मेसेजमधला पहिला घोटाळा वनस्पतिशास्त्राचा नाहीच, तो भाषांतराचा आहे. म्हणून त्यावर बोलणे मला माझे काम वाटते. आणि हा घोटाळा व्याकरणातला नाही. त्याची किंमत एखाद्या घराला लेकराच्या जिवाने मोजावी लागू शकते.

हदीसमध्ये शब्द कोणता आहे?

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत सईद बिन ज़ैद (रज़ि.) यांच्याकडून आलेली ती हदीस आहे. तिच्या खरेपणाबद्दल वाद नाही. पण तिथला अरबी शब्द ‘कमआ’ आहे. उर्दू तर्जुम्यांत त्यासाठी ‘खुंबी’ हा शब्द आला, कारण उर्दूत त्याहून जवळचा शब्दच नव्हता. तर्जुमा करणाऱ्यांना मी दोष देत नाही. वाळवंटातल्या चीजेला गंगा-जमुनेच्या मुलखातल्या भाषेत नाव कुठून आणायचे?

कमआ म्हणजे काय ते अरबांना विचारा. हिवाळी पाऊस झाल्यावर अरबस्तान, इराक, सीरियाच्या वाळवंटात ती वाळूखाली तयार होते. तिला दांडा नसतो, छत्री नसते. दिसायला ती मातीने माखलेल्या बटाट्यासारखी असते. जमिनीला पडलेली बारीक भेग पाहून लोक ती उकरून काढतात आणि बाजारात ती चांगल्या भावाने जाते. वीज कडाडली की ती येते असे मानून बदू लोक तिला ‘गडगडाटाच्या लेकी’ म्हणतात. इंग्रजीत तिला ‘डेझर्ट ट्रफल’ म्हणतात. जमिनीवर दांड्याने उभ्या राहणाऱ्या छत्रीसाठी अरबीत वेगळाच शब्द आहे, ‘फुत्र’.

म्हणजे हदीस एका गोष्टीबद्दल आहे आणि आमच्या बागेत उगवली आहे ती दुसरीच. मधे फक्त एक उर्दू शब्द उभा आहे. त्या एका शब्दाच्या भरवशावर आपण हदीसची बरकत कुंडीतल्या बुरशीला बहाल करून टाकली. ही अकीदत नाही. हदीसच्या शब्दाकडे केलेले हे दुर्लक्ष आहे. आणि तिचे पाणी डोळ्यात घालणाऱ्यांना हात जोडून सांगतो, अनोळखी बुरशीचा रस डोळ्यात घालू नका. तो डोळा परत मिळणार नाही.

आपल्या पूर्वजांना नावांच्या या गोंधळाची चांगली जाण होती. इब्न अल-बैतार हे स्पेनमधल्या मलागाचे. १२४८ मध्ये दमास्कसला त्यांचे निधन झाले. औषधी द्रव्यांवरच्या त्यांच्या ग्रंथात सुमारे १४०० द्रव्यांची नोंद आहे. एकाच वनस्पतीची ग्रीक, अरबी, बर्बर नावे ते देतात, कारण नाव चुकले की औषधाचे जहर होते हे त्यांना ठाऊक होते. त्यांचे शिष्य इब्न अबी उसैबिआ यांनी लिहून ठेवले आहे की गुरू त्यांना दमास्कसबाहेर घेऊन जात आणि वनस्पती जिथे उगवते तिथेच ती दाखवत. इल्मचा रिवाज हा होता. आपण त्यांचे वारस म्हणवतो आणि फॉरवर्डवर भाजी शिजवतो.

भाषेने आधीच इशारा दिला आहे

आपल्या बोलींकडे बघा. मराठवाड्यात पावसाळ्यात उगवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक छत्रीला एकच नाव, ‘कुत्र्याची छत्री’. उर्दूत ‘सांप की छतरी’. हिंदीत ‘कुकुरमुत्ता’. कुत्रा, साप, मूत. ज्याने कुणी ही नावे ठेवली त्याला जेवणाचे आमंत्रण द्यायचे नव्हते, एवढे नक्की.

आता गडचिरोली, चंद्रपूरकडे जा. तिथे ‘सात्या’ आहेत, ‘टेकोडे’ आहेत, वारुळावर येणाऱ्या ‘डुंबरसात्या’ आहेत. गोव्यात ‘ओळमी’ आहे, आणि रोयणीवर, म्हणजे वारुळावर, येणारी ‘रोयण ओळमी’ वेगळी. बस्तरमध्ये ‘पुटू’ निराळा आणि सालाच्या झाडाखाली सापडणारा ‘बोडा’ निराळा. जिथे लोक पिढ्यान्‌पिढ्या एखादी गोष्ट खातात तिथे तिला नावे फुटतात. कधी येते, कशाखाली येते, कोवळी कशी, जून कशी, सगळे त्या नावात साठत जाते. आपल्याकडे सगळ्यांना मिळून एक नाव आहे. याचा अर्थ सरळ आहे. आपण त्यांना ओळखत नाही.

म्हणून ‘आदिवासी खातातच की’ हा युक्तिवाद मला पटत नाही. खातात, खरे आहे. पण ते ‘अळंबी’ खात नाहीत. ते त्या विशिष्ट वारुळावरची, त्या विशिष्ट आठवड्यात येणारी, आजीने हाताला धरून दाखवलेली सात्या खातात. वारुळावरची अळंबी वाळवीच्या घरातच वाढते, त्यामुळे ती कुठे शोधायची हेही ठरलेले असते. तो एक अभ्यासक्रम आहे आणि तो शिकायला बालपण खर्च होते. त्यांचे ज्ञान दाखवून आपले अज्ञान झाकणे हा त्यांचाही अपमान आहे.

चांदीचा चमचा आणि इतर परीक्षा

चांदी काळी पडते ती गंधकामुळे. उकडलेल्या अंड्यानेही चांदीचा चमचा काळवंडतो, म्हणून आपण अंडी सोडत नाही. अळंबीतले जीवघेणे विष चांदीला हातही लावत नाही. चमचा लखलखीत राहतो आणि जेवणारा जातो.

लसूण किंवा कांदा निळा पडला तर विषारी, असे सांगतात. खोटे. हळद टाकून रंग बघा, तांदूळ टाकून बघा. खोटे. टोपीची साल सहज निघाली तर खाण्याजोगी. खोटे, सर्वांत विषारी जातीची सालही निघते. रंगीत असेल ती विषारी आणि पांढरी ती साधी. खोटे, कित्येकांचे प्राण घेणाऱ्या जाती पांढऱ्या किंवा फिकट हिरवट आहेत. मुंग्यांनी, गोगलगायीने खाल्ली म्हणजे चालते. खोटे, ज्या विषाने माणसाचे यकृत जाते ते काही किडे पचवतात. उकळली की विष जाते. हे सर्वांत घातक खोटे. हे विष उकळून, तळून, वाळवून, फ्रीजमध्ये ठेवून, कशानेही जात नाही. चवही कडू नसते. वाचलेल्या लोकांनी सांगून ठेवले आहे की भाजी चविष्ट झाली होती.

‘जुनी माणसे वेडी होती का?’ असा प्रश्न येतो. वेडी नव्हती, पण जुने म्हणजे खरे असेही नाही. पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस लिहून गेला की गंजलेल्या खिळ्यांजवळ, कुजक्या चिंध्यांजवळ किंवा सापाच्या बिळापाशी उगवलेली अळंबी विषारी असते. दोन हजार वर्षांची परंपरा आहे या समजुतीला. तरीही ती चूकच.

विष घाई करत नाही

‘अमानिटा’ वंशातल्या काही जातींत अमाटॉक्सिन नावाचे विष असते. त्यातली सर्वांत कुप्रसिद्ध म्हणजे ‘अमानिटा फॅलॉइड्स’, जिला इंग्रजीत ‘डेथ कॅप’ म्हणतात. तिची अर्धी टोपी मोठ्या माणसाचा जीव घेऊ शकते. ‘लेपिओटा’ वंशातल्या काही छोट्या छत्र्यांतही हेच विष असते, आणि त्या तर बागेत, गवतातही उगवतात.

या विषाची चाल नीट समजून घ्या. रात्री आठला जेवण झाले. झोपेपर्यंत सगळे ठणठणीत. सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त, काहीच होत नाही. मग पोटात कळा, उलट्या, पाण्यासारखे जुलाब. जवळच्या डॉक्टरकडे सलाईन लागते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उलट्या थांबतात, माणूस उठून बसतो, चहा मागतो. घरचे म्हणतात, अल्लाहचे शुक्र, टळले. नेमक्या याच काळात यकृताच्या पेशी मरत असतात. पेशीने कोणते प्रथिन बनवायचे याचा निरोप नेणारा आरएनए ज्या विकराने तयार होतो, तो विकरच हे विष बंद पाडते. मग डोळे पिवळे होतात, रक्त गोठेनासे होते, भान हरपते. खात्रीचा उतारा नाही. पोटात कोळशाची भुकटी, सलाईन, यकृताला आधार देणारी काही औषधे, आणि शेवटचा उपाय यकृत प्रत्यारोपण. त्यासाठी विष्णुपुरीहून हैदराबाद, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. तेवढा वेळ आणि तेवढा पैसा आपल्या वस्तीत कुणाकडे आहे, हे मेसेज पाठवणाऱ्याने आधी सांगावे.

सगळ्याच विषारी अळंब्या मारत नाहीत. उष्ण प्रदेशात हिरवळीवर येणारी ‘क्लोरोफायलम मॉलिब्डाइटिस’ घ्या. मोठी, पांढरी, वर तपकिरी खवले, बघताच भूक लागावी अशी. कोवळी असताना टोपीखालचे पडदे पांढरे असतात आणि नंतर ते हिरवट होत जातात. म्हणजे ओळखू यावी असा रंग येण्याआधीच ती चुलीवर चढलेली असते. एक ते तीन तासांत ती उलट्या-जुलाबांनी माणसाला आडवे करते. मोठे लोक बहुधा सावरतात, लहान मुलाच्या अंगातले पाणी मात्र बघता बघता आटते.

जमीन बदलली की ओळख संपते

एप्रिल २०२२ मध्ये वरच्या आसामात रानअळंबी खाऊन १३ जण दगावले. त्यात एक लहान मूलही होते. दिब्रुगडच्या आसाम मेडिकल कॉलेजात पाच दिवसांत ३५ रुग्ण आले होते. बहुतेक चहामळ्यांत राबणाऱ्या कुटुंबांतले. ती माणसे रानाला अनोळखी नव्हती. गरिबाच्या ताटात फुकटची भाजी आली तर तो ती टाकून देत नाही, एवढेच.

सप्टेंबर २०२१ ची गोष्ट तर आपल्यातल्या अनेकांना माहीतच नाही. काबूल तालिबानच्या हाती गेल्यावर एक अफगाण कुटुंब विमानाने पोलंडला पोहोचले. वॉर्सोजवळच्या निर्वासित केंद्रात राहत असताना त्यांनी जवळच्या रानातली अळंबी आणून शिजवली. ती डेथ कॅप होती. पाच आणि सहा वर्षांचे दोन भाऊ गेले. एकाचे यकृत बदलूनही तो वाचला नाही. त्याआधी २०१५ मध्ये जर्मनीत सीरियन निर्वासितांच्या बाबतीत हेच घडले, तेव्हा हॅनोव्हरच्या मेडिकल कॉलेजने अरबी, कुर्दीसह अनेक भाषांत इशाऱ्याची पत्रके छापली. युद्धातून जिवंत सुटलेली माणसे ‘आमच्याकडे अशीच असते’ या एका वाक्याने गेली.

बी.एड.ला आम्हाला एक सूत्र शिकवतात, ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’. वर्गात ते सोन्यासारखे आहे. अळंबीच्या बाबतीत तेच सूत्र गळ्याला फास लावते. माहीत असलेल्या अळंबीसारखी दिसते म्हणून माहीत नसलेली खाल्ली, बहुतेक मृत्यूंची कहाणी एवढीच असते.

आणि आपल्या अंगणातली माती तरी कुठे आपली आहे? विष्णुपुरीत विद्यापीठ आले, इंजिनिअरिंग कॉलेज आले, मेडिकल कॉलेज आले, त्यांच्या मागून बंगले आणि हिरवळी आल्या. रोपे येतात आंध्रातल्या कडियमच्या नर्सऱ्यांतून, मुळाशी तिथल्या मातीचा गोळा घेऊन. लॉनची चटई कुठून तरी, शेणखत कुठून तरी, कुंडीतला नारळाचा भुसा आणखी कुठून. बुरशी या सगळ्यांबरोबर प्रवास करते. मूळ युरोपातली डेथ कॅप ऑस्ट्रेलिया आणि कॅलिफोर्नियात पोहोचली ती आयात झाडांच्या मुळांना चिकटूनच. तेव्हा ‘आमच्या गावात विषारी नसतात’ हे वाक्य गोदाकाठच्या जुन्या मातीबद्दलही कुणी खात्रीने म्हणू नये, नर्सरीच्या मातीबद्दल तर मुळीच नाही.

‘मग अ‍ॅपवर बघू का?’

हा प्रश्न शिकलेल्या मुलांचा. फोटोत टोपी दिसते. ओळख मात्र टोपीखालच्या पडद्यांत, दांड्यावरच्या कड्यात, बीजाणूंच्या रंगात आणि मुख्य म्हणजे जमिनीत गाडलेल्या बुडाशी असते. अमानिटाच्या अनेक जातींच्या बुडाशी एक पिशवी असते. चाकूने वरून कापली की ती पिशवी मातीतच राहते आणि पुरावा गेला. जाणकारांनाही कित्येकदा सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू पाहावे लागतात. मोबाईलने दिलेले नाव हा अंदाज आहे. अंदाजावर निबंध लिहिता येतो, भाजी करता येत नाही.

कुणी म्हणेल, ‘गुरुजी, तुम्ही अल्लाहने हलाल केलेली चीज हराम करता.’ मी काहीच हराम करत नाही. सूरह बकराच्या १९५व्या आयतीत स्वतःला विनाशात लोटण्याची मनाई आहे. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत आलेली खबर तपासून घेण्याची ताकीद आहे. मी या दोन गोष्टींची आठवण देतो आहे. तहकीक न करता दीनच्या नावाने घरोघर पाठवलेल्या नुस्ख्याने कुणी दगावले, तर त्या गुन्ह्यात पाठवणाऱ्याचाही वाटा आहे.

खायचीच असेल तर

अळंबीशी माझे वैर नाही. ती उत्तम अन्न आहे. नांदेड-लातूर हा सोयाबीनचा मुलूख. मळणीनंतर सोयाबीनचे काड कुठे जाळले जाते, कुठे बांधावर कुजते. याच काडावर, गव्हाच्या काडावर, धिंगरी अळंबी घरातल्या अंधाऱ्या, दमट खोलीत येते. काड भिजवायचे, गरम पाण्यातून काढायचे, निथळून पिशवीत थरावर थर भरत बियाणे पेरायचे. वीसेक दिवसांत पांढरी बुरशी पिशवीभर पसरते आणि पुढच्या काही दिवसांत पंखे फुटतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाकडे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे चौकशी करा. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात तर अळिंबी संशोधनाचा प्रकल्पच आहे. आपल्या वस्तीतल्या बचत गटांनी हे का करू नये? ज्या ग्रुपवर रानछत्रीचे गुणगान चालते, त्याच ग्रुपवर धिंगरीची ऑर्डर घेता येईल.

आणि कुणी खाल्लीच असेल तर लाज बाळगू नका. त्रास सुरू होण्याची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, थेट मोठ्या सरकारी दवाखान्यात जा. घरात ज्यांनी ज्यांनी ती खाल्ली त्या सगळ्यांना न्या, ज्यांना काहीच होत नाही त्यांनाही. उरलेली भाजी, न शिजवलेला तुकडा कागदात गुंडाळून सोबत न्या. प्लास्टिकमध्ये तो सडतो. किती वाजता खाल्ली आणि किती वाजता पहिली उलटी झाली, या दोन वेळा डॉक्टरांना सांगा. उलटी लवकर झाली म्हणजे धोका टळला असेही समजू नका, एका टोपलीत दोन जाती असू शकतात. बरे वाटले म्हणून दवाखान्यातून पळून येऊ नका.

मशिदीच्या कमिटीला आणि इमाम साहेबांना एक अर्ज. जूनच्या एखाद्या जुम्याला, खुतब्याच्या आधी, दोन मिनिटे एवढेच सांगा की हदीसमधली कमआ आणि आपल्या बागेतली छत्री एक नाहीत. शाळांतल्या माझ्या सहकाऱ्यांनी तेवढेच वर्गात सांगावे. पावसाळ्यात अंगणात पहिली जातात ती मुलेच, आणि छत्री उपटून आईच्या हातात देतात तीही मुलेच. अंगणात उगवलेली छत्री बघा, तिचा फोटो काढा, मुलांना दाखवा. ती कढईत मात्र जाता कामा नये.